काडतुसाची नवलाई

गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुलावरून परवा सायंकाळी पायी परतत असता आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळातला. आता चाळिशी ओलांडून एका बँकेत नोकरीस आहे. सोबत सोळा वर्षांचा मुलगा होता. मुलगा गेली दोन वर्षे एअर रायफलीने नेमबाजी शिकतो आणि बऱ्यापैकी गुण मिळवितो, हे आम्हांस ठाऊक होते. वडिलांच्या चेहऱ्यावर मात्र काळजी दिसली. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी मनातला प्रश्न विचारला, "सर, हे साडेसहा क्रीडमूर म्हणजे खरेच काही आहे, की नुसते खूळ?"

प्रश्नामागची हकिकत अशी. मुलगा रात्री मोबाईलवर परदेशी नेमबाजांची चलच्चित्रे पाहतो. त्यांत जो तो या एका काडतुसाचे गुण गातो. छऱ्याची रायफल हे पोरखेळ आहे, खरा नेमबाज हजार यार्डांवर मारतो आणि तो या काडतुसानेच मारतो, असे मुलाच्या मनाने घेतले आहे. पुढे परवाना मिळताच तशी रायफल घ्यायची, तोवर पैसे साठवून ठेवायचे, आणि एअर रायफलीच्या सरावावर आता फार खर्च करायचा नाही, असा त्याचा हट्ट. वडिलांपाशी एक मुदत ठेव आहे. ती मुलाच्या सरावासाठी मोडावी, की त्या पुढच्या रायफलीसाठी राखावी, हा त्यांच्यापुढचा पेच होता.

अग्रलेखाच्या जागी काडतुसाची चर्चा पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. हाच प्रश्न गेली साठ वर्षे दिल्लीच्या संरक्षण खात्यापुढेही आहे, आणि त्याची उत्तरे ज्या कारखान्यांतून बाहेर पडली त्यांतील महत्त्वाचे आपल्याच राज्यात, खडकीस आणि वरणगावास आहेत. तेव्हा त्याचा विचार जरा सविस्तर करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

आधी त्या काडतुसाविषयी. अमेरिकेतील हॉर्नाडी या कारखान्याने २००७ साली ते बाजारात आणले. साडेसहा हे मिलिमीटरचे माप. आणि क्रीडमूर हे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर असलेल्या एका जुन्या चांदमारीच्या मैदानाचे नाव. १८७४ साली तेथे आयर्लंडचे नामांकित नेमबाज आणि अमेरिकन यांचा सामना झाला. आठशे, नऊशे व हजार यार्डांवरून गोळ्या झाडल्या गेल्या आणि यजमान अवघ्या तीन गुणांनी जिंकले. त्या विजयाची आठवण नावात गुंफून नव्या मालाला जुन्या कुळाची प्रतिष्ठा देण्यात आली. व्यापारी चातुर्य म्हणून आम्हांस त्याचे कौतुकच वाटते.

पण केवळ नावाच्या जोरावर हे काडतूस चालले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची गोळी सुमारे १४० ग्रेन म्हणजे नऊ ग्रॅमची, लांब आणि सडपातळ असते. सारख्या वजनाच्या दोन गोळ्यांपैकी जी अधिक निमुळती व लांबट, तिला हवेचा अडथळा कमी होतो, तिचा वेग कमी ओसरतो आणि आडवा वारा तिला कमी ढकलतो. नळीतून सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास वेगाने सुटलेली ही गोळी हजार यार्डांवर पोहोचेतो .३०८ या प्रसिद्ध काडतुसाच्या नेहमीच्या गोळीपेक्षा वाऱ्याने सुमारे पाव हिश्श्याने कमी सरकते. शिवाय खांद्याला बसणारा झटकाही सौम्य असतो. अमेरिकेच्या विशेष सैन्यदलांनी २०१८ च्या सुमारास दूरच्या माऱ्यासाठी याची निवड केली ती काही जाहिरातीला भुलून नव्हे. गुण आहे आणि तो मोजता येण्याजोगा आहे.

तो कोठे उपयोगी पडतो हा मात्र वेगळा प्रश्न आहे. शंभर-दोनशे यार्डांवर या दोन काडतुसांतील फरक नेमबाजाच्या श्वासाच्या हेलकाव्यात बुडून जातो. आणि हा गुण फुकटही मिळत नाही. जवळपास तितकीच दारू अधिक अरुंद नळीतून जळत गेल्याने नळीचे आटे लवकर झिजतात, आणि नवी नळी बसविण्याचा खर्च आपल्या देशात कोणास परवडणारा आहे?

नवलाईचे म्हणाल तर १८९४ सालीच स्वीडन व नॉर्वे यांनी आपल्या सैन्यासाठी साडेसहा मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले होते. तीच लांबट गोळी, तोच सौम्य झटका. ऑलिंपिकमध्येही त्या देशांचे नेमबाज त्याच काडतुसाने झुंजले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक असलेली गोष्ट अमेरिकेस नव्याने सापडली. क्रीडमूरच्या निर्मात्यांची खरी कर्तबगारी निराळीच आहे. त्यांनी पुंगळी आखूड केली, रायफलीच्या नळीची मापे काटेकोर ठरवून दिली, आणि पूर्वी हौशी नेमबाजाला घरी बसून स्वतः भरावे लागे तशा दर्जाचे काडतूस कोपऱ्यावरच्या दुकानात, खोक्यात बंद करून, माफक किमतीस ठेवले. यश गोळीचे जेवढे, तेवढेच दुकानाचे आहे. ज्या गावात ते दुकान नाही तेथे या काडतुसाचा अर्धा गुण आपोआप संपतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मुलाने पाहिलेल्या चलच्चित्रांत हे कोणी सांगत नसावे, कारण सांगणारा त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर राहतो.

लहान गोळी चांगली की मोठी, हा वाद आपल्या देशाला नवा नाही. किंबहुना त्याचा एक कुप्रसिद्ध अध्याय येथेच लिहिला गेला. मार्टिनी-हेन्री रायफलीची जाडजूड शिशाची गोळी टाकून ब्रिटिशांनी .३०३ चे सडपातळ काडतूस घेतले, तेव्हा १८९५ च्या चित्रळ मोहिमेतून तक्रार आली की शत्रू गोळी खाऊनही पुढे येतो. मग कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात टोक उघडे ठेवलेली, अंगात शिरताच पसरणारी गोळी तयार झाली. त्या उपनगराचे नाव जगाच्या कोशात गेले ते अशा कारणाने. १८९९ च्या हेग परिषदेने तसल्या गोळ्यांना युद्धात बंदी घातली. काडतूस बदलले, तक्रार आली, तक्रारीवर उपाय निघाला आणि उपाय मूळ रोगापेक्षा लाजिरवाणा ठरला.

काडतुसांच्या कुळकथेत कायद्याचा वाटाही गंमतीदार आहे. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात खाजगी माणसांना .४५० मापाची काडतुसे बाळगण्यास बंदी झाली. तेव्हा इंग्रज बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी किंचित सरकवलेली मापे काढून आपल्या संस्थानिक व शिकारी गिऱ्हाइकांची सोय केली. ज्या .४७० ची थोरवी शिकारकथांतून गायिली गेली, तिच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण हे सरकारी फर्मान होते. आज गावाकडील परवानाधारकाच्या खांद्यावर दिसणारी .३१५ ची रायफल घ्या. लष्करी मापाची काडतुसे प्रजेच्या हाती पडू नयेत म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसाच्या पुंगळीवरून हे माप येथे रुजविले गेले, आणि स्वातंत्र्यानंतरही आपल्या सरकारी कारखान्यांनी ते चालू ठेवले. तिला कोणी हौसेने वरले नाही. कायद्याने गळ्यात बांधली आणि सवयीने टिकली. तरीही तिचे काडतूस मिळते, दुरुस्त करणारा कारागीर मिळतो, म्हणून ती उपयोगाची आहे.

आता राष्ट्रांच्या फॅशनकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने अभ्यासाअंती सात मिलिमीटरचे, .२८० या नावाचे मध्यम काडतूस निवडले व १९५१ मध्ये त्याची रायफलही स्वीकारली. अमेरिकेस ते पसंत नव्हते. तिच्या आग्रहास्तव १९५४ च्या सुमारास नाटो राष्ट्रांनी ७.६२ बाय ५१ हे अधिक जोरकस काडतूस मान्य केले आणि ब्रिटनला आपली निवड गुंडाळावी लागली. पुढे दहा-बारा वर्षांतच, व्हिएतनामच्या जंगलात, अमेरिकेने स्वतःच ५.५६ चे लहान काडतूस उचलले. १९८० मध्ये नाटोनेही ते मान्य केले. आणि २०२२ साली त्याच अमेरिकेने आपल्या पायदळासाठी ६.८ मिलिमीटरचे नवे काडतूस निवडले. जोर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. पण माप पाहता ब्रिटनच्या त्या टाकून दिलेल्या निवडीच्या शेजारचेच. श्रीमंत राष्ट्राला असे वळसे घालणे परवडते. त्याच्यामागे फरफटत जाणाऱ्यांचे काय होते, ते पाहावयाचे असेल तर आपल्याच घरात पाहावे.

१९६२ मध्ये आपले जवान .३०३ च्या बोल्ट रायफली घेऊन हिमालयात लढले. त्या दारुण अनुभवानंतर ७.६२ ची स्वयंभरणी रायफल इशापूरला तयार होऊ लागली. १९८७ नंतर श्रीलंकेत कलाश्निकोव्हधारी वाघांशी गाठ पडली, तेव्हा ती लांब व जड रायफल अपुरी वाटली. नव्वदच्या दशकात ५.५६ ची 'इन्सास' आली. तिची आखणी पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेची. ७.६२ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, ५.५६ चे त्याच्या निम्मे. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट काडतुसे नेतो. हा लाभ खरा होता. परंतु १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत मॅगझिन तडकण्याच्या, रायफल अडकण्याच्या तक्रारी आल्या आणि हळूहळू दोषाचे खापर काडतुसाच्या मापावरही फुटू लागले. मॅगझिनचे प्लास्टिक तडकले, त्यात ५.५६ चा काय अपराध? नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण रायफलीलाही लागू पडते.

मग २०११ साली दोन नळ्या बदलून दोन मापांची काडतुसे झाडणारी रायफल मागविण्याचे ठरले. २०१५ मध्ये ती मागणी रद्द झाली. २०१९ मध्ये ७.६२ बाय ५१ च्या ७२,४०० रायफली अमेरिकेतून घेण्याचा करार झाला. २०२१ अखेरीस उत्तर प्रदेशात कोरवा येथे ६,०१,४२७ रशियन बनावटीच्या एके-२०३ रायफली बांधण्याचा करार झाला. त्यांचे काडतूस ७.६२ बाय ३९. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दोन्ही ७.६२ च, पण एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही. पुंगळीची लांबी निराळी, घडण निराळी. शिवाय ५.५६ च्या रायफली पुरत्या हद्दपार झालेल्या नाहीतच. साठ वर्षांत आपण एका काडतुसावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलो आणि अखेर तिन्ही एकदम पदरी बाळगून बसलो. यांतील प्रत्येक निवडीमागे त्या त्या वेळी सबळ कारण होते, हे आम्ही नाकारीत नाही. डोंगरात दूरचा मारा लागतो, गल्लीत जवळचा. पण रात्रीच्या अंधारात, बर्फात, खेचराच्या पाठीवरून आलेली पेटी उघडल्यावर आत दुसऱ्याच रायफलीचे काडतूस निघाले तर त्या कारणांचा जवानाला काय उपयोग?

याच गोष्टीची आणखी एक बाजू महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियम व जर्मनीच्या कारखान्यांनी पिस्तुलापेक्षा भेदक आणि रायफलीपेक्षा सौम्य अशी चिमुकली काडतुसे काढली. चिलखत भेदणारे छोटे हत्यार ही त्या काळची मोठी लाट होती. आपणही त्या धर्तीवर ५.५६ बाय ३० हे काडतूस व त्याची कार्बाइन तयार केली. कार्बाइन पाषाणच्या शास्त्रज्ञांनी आखली, कानपूरला घडली, काडतूस खडकीच्या १८६९ पासून चालत आलेल्या कारखान्यात बनले. डिसेंबर २०२० मध्ये सैन्याच्या अखेरच्या चाचण्यांतही ती उतरली. काही पोलीस दलांनी ती घेतली. परंतु २०२२ मध्ये सुमारे चार लाख कार्बाइनांची गरज सैन्याने मंजूर करून घेतली, तेव्हा मागितलेले काडतूस होते नेहमीचे ५.५६ बाय ४५. हत्यार वाईट होते म्हणून असे झाले, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे काडतूस एकटे होते. ते दुसऱ्या कोणत्याही रायफलीत बसत नव्हते, दुसऱ्या कोणत्याही देशाच्या कोठारात मिळत नव्हते. काडतुसाला गुण लागतो तसे गोतही लागते.

आणि नवे काडतूस म्हणजे नुसता कागदावरचा आकडा नव्हे. पितळेच्या वाटीपासून पुंगळी ओढणारे साचे, प्रत्येक माप तपासणारे गेज, चाचणीच्या नळ्या, साठवणुकीची कोठारे, शिकविणारे हवालदार, हे सारे त्याच्यामागून येते. वरणगावचा कारखाना १९६४ सालचा. तेथील व खडकीच्या कामगारांनी ७.६२ पासून ५.५६ पर्यंतची स्थित्यंतरे हाताने निभावली आहेत. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या आणि हे दोन्ही कारखाने पुण्यास मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले. आता नफ्यातोट्याचा हिशेब त्यांनाच द्यावयाचा आहे. दर पंधरा वर्षांनी माप बदलणाऱ्या गिऱ्हाइकाने तो हिशेब मागावा, हे जरा चमत्कारिकच आहे.

परत गारखेड्याच्या त्या मुलाकडे येऊ. तो ज्या खेळात उतरला आहे त्यात ऑलिंपिकला रायफलीचे प्रकार दोनच अंतरांवर होतात. दहा मीटरवर ४.५ मिलिमीटरचा छर्रा, आणि पन्नास मीटरवर .२२ लाँग रायफल. तीनशे मीटरची मोठ्या काडतुसाची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर झालेली नाही. हजार यार्डांच्या क्रीडमूरला तेथे दार बंद आहे. आणि ज्या .२२ च्या काडतुसाला दार उघडे आहे ते केव्हाचे? १८८७ सालचे. त्याची शिशाची गोळी अवघी ४० ग्रेन, अडीच ग्रॅमहून थोडी अधिक; वेग आवाजाच्या वेगाहूनही जरा कमी ठेवलेला. याच म्हाताऱ्या काडतुसाने २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या. याच काडतुसाने १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले. पन्नास मीटरवरील त्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. आपल्या शर्टाच्या बटणाएवढे. दहा मीटरवरील छऱ्यासाठी तर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पोरखेळ म्हणतात तो हा!

तरीही हे नेमबाज काडतुसाविषयी उदासीन असतात असे कोणी समजू नये. ते फार चोखंदळ असतात, पण निराळ्या रीतीने. थोर नेमबाज आपली रायफल घेऊन काडतुसाच्या कारखान्यात जातो. तेथे ती पकडीत घट्ट बसवितात आणि एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांच्या वेगवेगळ्या घाण्यांतून दहा-दहा काडतुसे झाडून पाहतात. एका घाण्याची छिद्रे एकमेकांत मिसळून जातात, दुसऱ्याची किंचित विस्कटतात. तेच यंत्र, तीच दारू, वर तेच नाव; घाणा मात्र निराळा. ज्या घाण्याशी त्या एका नळीचे जमते, त्याच्या हजारो काडतुसांची खरेदी नेमबाज तेथल्या तेथे करतो. शेजारच्या खेळाडूच्या नळीला कदाचित तो घाणा मानवणारही नाही. म्हणजे खऱ्या जाणकाराला 'कोणते काडतूस श्रेष्ठ' हा प्रश्नच पडत नाही. माझ्या नळीला, या अंतरावर, कोणता घाणा मानवतो, एवढेच तो पाहतो; आणि एवढा बारीक फरक ओळखता यावा म्हणून आधी त्याने स्वतःचा हात वर्षानुवर्षे स्थिर केलेला असतो. आम्ही शिकवीत होतो तेव्हा दर सहामाहीस दोन-चार मुले नवे फाउंटन पेन घेऊन येत आणि अक्षर सुधारेल अशी खात्री देत. पेनांची निबे उत्तम असत. अक्षर होते तेच राही.

कायद्याची बाजूही वडिलांनी ध्यानात घ्यावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली एकवीस वर्षे पूर्ण झाल्याविना सर्वसाधारण परवाना मिळत नाही. सरावासाठी अल्पवयीन नेमबाजांना जी सवलत आहे ती खेळाच्या बंदुकांपुरती. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास दोनच हत्यारांची मर्यादा घातली. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, आणि ती योग्यच झाली. अमेरिकेत या काडतुसाचा खप ज्या दोन कामांनी वाढला, हरणाची शिकार आणि मोकळ्या माळावरची हजार यार्डांची नेमबाजी, त्यांतले पहिले येथे गुन्हा आहे आणि दुसऱ्यासाठी सामान्य नागरिकाने जावे कोठे, हे त्या मुलासही सांगता येणार नाही.

तेव्हा आमचा अभिप्राय आम्ही आडपडदा न ठेवता दिला. साडेसहा क्रीडमूर हे खूळ नव्हे. ते एक चांगले काडतूस आहे आणि ज्याला हजार यार्डांवर वाऱ्याशी झुंजावयाचे आहे त्याने ते अवश्य घ्यावे. सोळा वर्षांच्या, दहा मीटरवर खेळणाऱ्या, गारखेड्यात राहणाऱ्या मुलासाठी मात्र ते खूळच आहे. ठेव मोडायचीच असेल तर ती छऱ्यांसाठी, प्रशिक्षकासाठी आणि स्पर्धांच्या प्रवासासाठी मोडावी.

वडिलांचा चेहरा जरा मोकळा झाला. मुलगा गप्प होता. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "सर, छऱ्यांचेसुद्धा असे घाणे असतात का? एका डबीतले आणि दुसऱ्या डबीतले वेगळे?" असतात, आम्ही सांगितले, पण ते ओळखायचे तर प्रत्येक डबीतले साठ-साठ छर्रे एकाच दिवशी, एकाच पवित्र्यात, कागदी लक्ष्यावर झाडून पाहावे लागतील. वडील फाटकापाशी स्कूटर सुरू करीत असता मुलाने ते कागद येत्या रविवारी आमच्याकडे आणून दाखविण्याचे कबूल केले आहे. वह्या तपासण्याची सवय अजून गेलेली नाही, तेव्हा आम्हीही वाट पाहत आहोत.